पहिलं सीझर झालंय, आता नॉर्मल होईल का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं बाळ सीझरने झालेल्या बाईला पुन्हा दिवस राहिले की घरातल्या प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. सासूबाई म्हणतात, नॉर्मलच व्हायला हवी. आई म्हणते, नको गं बाई, पुन्हा त्या कळा आणि पुन्हा ऑपरेशन. नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतील ते. जिचं पोट आहे तिला मात्र कुणी नीट माहिती देत नाही. ही उत्तरं तिच्यासाठी आहेत. तपासणी तुमच्या डॉक्टरांनीच करायची आहे, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे इथून कळावं.

एकदा सीझर झालं की पुढच्या वेळी सीझरच ना?

नाही. एका सीझरनंतर नॉर्मलसाठी प्रयत्न करणाऱ्या चार बायकांपैकी साधारण तिघींची प्रसूती खरोखर नॉर्मल होते. आधी एखादं बाळ नॉर्मल झालेलं असेल, सीझरच्या आधी किंवा नंतर, तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातं.

'एकदा सीझर, नेहमीच सीझर' हे वाक्य १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी लिहिलं होतं. त्या काळी गर्भपिशवीवर वरच्या जाड भागात उभा छेद घेत. कळांच्या वेळी सगळा जोर याच भागावर येतो, त्यामुळे तिथला जुना टाका उसवण्याची भीती रास्त होती. पुढे १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली. हा भाग कळांमध्ये फारसा आवळत नाही, आणि जखमही चांगली भरते. आज बहुतेक सगळी सीझर याच पद्धतीने होतात. छेद बदलला, पण ते जुनं वाक्य आपल्या घराघरांत तसंच राहिलं.

हा प्रश्न आता थोड्याथोडक्या घरांचा उरलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सीझरने झाल्या होत्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा २०.१ होता. गोव्यात तर तो ३९.५ टक्क्यांवर होता. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत जवळपास निम्म्या प्रसूती सीझरने झाल्या होत्या, सरकारी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के.

माझ्या पोटावर आडवा टाका आहे. म्हणजे आतही आडवाच असेल?

तसं गृहीत धरू नका. पोटावरचा टाका आणि गर्भपिशवीवरचा टाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर आडवा आणि आत उभा असू शकतो, बाहेर उभा आणि आत आडवाही. बाळ फारच अपुऱ्या दिवसांचं असेल, पोटात आडवं असेल किंवा वार खाली पसरलेली असेल, तर कधीकधी आत उभा छेद घ्यावा लागतो. कधी आडवा छेदच बाळ काढताना वर किंवा बाजूला फाटत जातो. हे फक्त ऑपरेशनच्या नोंदीत सापडतं.

म्हणून पहिलं काम कागद शोधण्याचं. डिस्चार्ज कार्डवर एवढं पाहा: सीझर कशासाठी केलं, पिशवीवरचा छेद कुठे आणि कसा होता, तो वाढवावा लागला का, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, बाळाचं वजन किती होतं, नंतर ताप किंवा जखमेत पू झाला होता का. बऱ्याच कार्डांवर नुसतं 'सीझर' एवढंच असतं. अशा वेळी त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

कागदच नाहीत. मग?

दवाखाना बंद झाला, घर बदललं, कागद भिजले, असं होतं. पूर्ण दिवसांचं बाळ होतं, डोकं खाली होतं, कळा येऊन प्रसूती अडली म्हणून सीझर झालं, अशी हकीगत असेल तर आतला छेद आडवा असण्याची शक्यता खूप जास्त असते. केवळ कागद नाही म्हणून नॉर्मलचा विचार सोडावा लागत नाही. मात्र सातव्या महिन्यात तातडीने सीझर झालं होतं, अशी हकीगत असेल तर डॉक्टर सावध होतील, आणि ते योग्यच आहे.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना एक कळकळीची विनंती. माता बाल संरक्षण कार्ड आणि जुनं डिस्चार्ज कार्ड गावच्या पेटीत ठेवून जाऊ नका. दोन्हींचे फोटो नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. अनोळखी तालुक्यात रात्री कळा सुरू झाल्या तर तिथल्या डॉक्टरला तुमच्याबद्दल कळायला तेवढाच आधार असतो.

पहिलं सीझर कशामुळे झालं यावर किती अवलंबून असतं?

बरंच. पहिलं बाळ पायाळू होतं किंवा आडवं होतं म्हणून सीझर झालं असेल, तर या वेळी नॉर्मल होण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून झालं असेल, तर सुमारे ७३. कळा येऊनही प्रसूती पुढे सरकली नाही म्हणून झालं असेल, तर सुमारे ६४. म्हणजे अडलेल्या बाईलासुद्धा निम्म्याहून बरीच जास्त संधी आहे. 'तुझं हाडच लहान' असं सांगून पाठवलेल्या कितीतरी बायकांना दुसरं बाळ नॉर्मल होतं, कारण पहिल्या वेळी अडचण बहुधा हाडाची नसतेच. डोक्याची दिशा तिरकी असते किंवा कळांना जोर नसतो.

शक्यता कमी करणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. आईचं वजन फार जास्त असणं, वय चाळिशीच्या पुढे असणं, बाळ ४ किलोपेक्षा मोठं असणं, कळा आपोआप न येणं. यातली एखादी असली म्हणजे दार बंद झालं असं नाही, पण दोन-तीन एकत्र आल्या तर हिशेब बदलतो.

जुना टाका उसवला तर काय होतं? खरं सांगा.

खरं सांगायचं तर हाच सगळ्यात महत्त्वाचा धोका आहे, आणि तो लपवून कुणीही तुम्हाला नॉर्मलचा आग्रह करू नये. खालचा आडवा छेद असलेल्या २०० बायकांनी कळा देऊन प्रयत्न केला, तर त्यांतल्या साधारण एकीची पिशवी जुन्या टाक्यावर फाटते. कळा सुरू होण्याआधीच ठरवून सीझर केलं तर हे प्रमाण १०,००० मागे दोनपेक्षाही कमी असतं.

पिशवी फाटली तर बाळाचा प्राणवायू तुटतो आणि आईला पोटात रक्तस्राव होतो. तेव्हा तातडीने पोट उघडावं लागतं. त्या वेळी मिनिटं मोजली जातात. वेळेत ऑपरेशन झालं तर बहुतेक आया आणि बरीचशी बाळं वाचतात. उशीर झाला तर बाळ जाऊ शकतं, क्वचित पिशवी काढावी लागते, रक्त भरावं लागतं. नॉर्मलच्या प्रयत्नात या सगळ्या कारणांनी बाळ दगावण्याचं प्रमाण १०,००० मागे सुमारे ४ आहे. पहिलटकरणीच्या बाळंतपणात जेवढी जोखीम असते, तेवढीच ही. पण हे आकडे अशा दवाखान्यांतले आहेत जिथे बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर असते आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असतं. भूलतज्ज्ञ चाळीस किलोमीटरवरून यायचा असेल, तिथे हेच आकडे लागू धरणं चूक आहे.

लक्षणं तुम्हालाही माहीत असावीत. एक कळ ओसरल्यावरही पोट दुखतच राहणं, जुन्या टाक्याच्या जागी अचानक तीव्र दुखणं, अंगावरून ताजं रक्त जाणं, लघवीत रक्त दिसणं, जोरात चाललेल्या कळा एकदम थांबणं, चक्कर येऊन घाम फुटणं. सगळ्यात आधी बहुतेकदा बदलतात ते बाळाचे ठोके, म्हणूनच ते सतत मोजायचे असतात.

मग सरळ सीझरच केलेलं बरं नाही का?

काहींसाठी हो, अगदी बरं. नुकतंच सांगितलेलं संकट ठरवून केलेल्या सीझरमध्ये जवळजवळ टळतं, तारीख माहीत असते, कळा येऊन अर्ध्यात ऑपरेशनला जाण्याची वेळ येत नाही. पूर्ण समजून कुणी सीझर निवडलं तर तिला 'कळा सोसायला नको म्हणून केलं' असं टोचून बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण सीझरची किंमत आज कमी आणि पुढच्या बाळंतपणात जास्त मोजावी लागते, आणि हे नेमकं सांगितलं जात नाही. प्रत्येक सीझरबरोबर पोटात आतडी, मूत्राशय आणि पिशवी एकमेकांना चिकटत जातात, पुढचं ऑपरेशन अवघड होतं. त्याहून गंभीर गोष्ट वारेची. वार खाली, जुन्या टाक्यावर येऊन बसली तर ती पिशवीच्या भिंतीत रुतू शकते आणि बाळ झाल्यावर सुटतच नाही. वार खाली असलेल्या बाईचं हे दुसरं सीझर असेल तर अशी रुतलेली वार साधारण ११ टक्क्यांत सापडते. तिसरं सीझर असेल तर ४० टक्क्यांत. अशा ऑपरेशनमध्ये प्रचंड रक्त जातं आणि अनेकदा पिशवी काढावी लागते.

म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारेन: तुम्हाला आणखी किती मुलं हवी आहेत? हे शेवटचंच असेल तर दोन्ही मार्ग जवळजवळ बरोबरीचे आहेत, आणि तुमचा कल महत्त्वाचा. तिसरं हवं असेल किंवा घरात त्याची बोलणी चालू असतील, तर नॉर्मलच्या प्रयत्नाचं वजन एकदम वाढतं.

बाळाच्या बाजूने एक गोष्ट. ठरवून केलेल्या सीझरनंतर बाळाला पहिल्या काही तासांत धाप लागण्याचं प्रमाण नॉर्मलपेक्षा जास्त असतं. नॉर्मलच्या बाजूलाही खर्च आहे: सुमारे ५ टक्के बायकांना खाली खोलवर फाटतं आणि नीट टाके घालावे लागतात.

कुणी प्रयत्न करूच नये?

पिशवीवर वरच्या भागात उभा छेद झाला असेल, पूर्वी कधी पिशवी फाटली असेल, किंवा वारेने पिशवीचं तोंड झाकलं असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न नाही. बाळ आडवं असेल तरीही नाही. पूर्वी पिशवीच्या गाठी काढताना पिशवी आतपर्यंत उघडली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन सीझर झाली आहेत. आता तर शक्यच नाही ना?

अशक्य नाही. दोन सीझरनंतरही प्रयत्न करणाऱ्या बऱ्याचजणींना यश येतं, पण टाका उसवण्याचा धोका वाढतो आणि रक्तस्रावाचाही. हे फक्त मोठ्या, सगळ्या सोयींच्या रुग्णालयात, अनुभवी डॉक्टरांनी स्वतः तयारी दाखवली तरच. तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये यासाठी हट्ट धरू नका.

दोन मुलांत किती अंतर हवं?

बाळ झाल्यानंतर पुन्हा दिवस राहीपर्यंत किमान दोन वर्षं जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सीझर झालेल्यांसाठी याला आणखी अर्थ आहे, कारण एका प्रसूतीपासून दुसरीपर्यंत दीड वर्षाहून कमी काळ गेला तर टाका उसवण्याची शक्यता वाढते. सीझर होतानाच तांबी बसवता येते. सरकारी दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मोफत मिळतात. 'अंगावर पाजतेय, आता काही होत नाही' यावर विसंबून राहू नका.

दिवस लवकर राहिलेच, तर घाबरून जाऊ नका, फक्त लवकर दाखवा. सीझर झालेल्या प्रत्येकीनेच सहाव्या-सातव्या आठवड्यात एक सोनोग्राफी करावी. गर्भ जुन्या टाक्यात तर रुजला नाही ना, हे तेव्हाच कळतं.

सोनोग्राफीत 'टाका पातळ झालाय' असं आलंय.

हा शब्द ऐकून पुष्कळ बायका नवव्या महिन्यात रात्र रात्र जागतात. टाका अमुक मिलिमीटर असला तर सुरक्षित आणि त्याखाली धोक्याचा, अशी सर्वमान्य रेषा नाही. मोजणी करणाऱ्याच्या हातावर आणि मूत्राशय किती भरलंय यावरही आकडा बदलतो. जाडी फारच कमी दिसली तर डॉक्टर ती लक्षात घेतील, पण निव्वळ त्या एका ओळीवर घाईने ऑपरेशन ठरत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. टाक्याच्या जागी दुखत असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

दवाखाना कसा निवडायचा?

इमारत पाहून नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यातच जा आणि सरळ विचारा. रात्री दोन वाजता सीझर करायची वेळ आली तर किती वेळात सुरू होईल? भूलतज्ज्ञ इथेच असतो की फोन केल्यावर येतो? रक्त कुठून येतं आणि किती वेळात? बाळाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र आहे का? बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? तुम्ही स्वतः अशा बायकांची नॉर्मल प्रसूती करता का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि बरीचशी जिल्हा रुग्णालयं या कामाला चांगली, कारण तिथे चोवीस तास डॉक्टर असतात. गर्दी असते, खाट मिळायला त्रास होतो, हे खरंच. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात नॉर्मल आणि सीझर दोन्ही मोफत आहेत, औषधं, रक्त, तपासण्या आणि घरून ने-आण करणारी गाडीसुद्धा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र हा प्रयत्न करायचा नाही, आणि घरी तर मुळीच नाही. आशाताईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडी थेट मोठ्या दवाखान्याकडे जाईल.

माहेरी बाळंतपण करणार असाल तर तिथला दवाखाना तिथे राहायला जाण्याआधी ठरवा. नवव्या महिन्यात नवीन डॉक्टरसमोर जुनं सीझर घेऊन उभं राहिलं की तो सुरक्षित बाजू म्हणून ऑपरेशनच सुचवतो, त्याचीही चूक नसते.

तारीख उलटली, कळाच येत नाहीत.

आपोआप आलेल्या कळा सगळ्यात चांगल्या. औषधाने कळा सुरू केल्या तर टाका उसवण्याचा धोका दोन ते तीन पट होतो. तरीही कधी कळा आणाव्या लागतात. तेव्हा पिशवीच्या तोंडाशी फुगा ठेवणं किंवा पाणी फोडणं हे मार्ग त्यातल्या त्यात सावध. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी सीझर झालेल्या बाईला पूर्ण दिवसांत कळा आणण्यासाठी देऊ नये. कुणी गोळी हातात ठेवली तर नाव विचारा.

आता घरगुती उपायांबद्दल. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजणं, कसले कसले काढे देणं आपल्याकडे अजून चालतं. सीझर झालेल्या बाईला हे काहीही देऊ नका. आणि गावात कुणी 'कळांचं इंजेक्शन' देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. मोजमाप नसलेल्या त्या इंजेक्शनने पिशवी फाटून बायका गेल्या आहेत.

कळा सुरू झाल्यावर किती वेळ घरी थांबायचं?

थांबायचंच नाही. नियमित कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की निघा. पोचल्यावर हातात सुई लावून ठेवतील, रक्त तपासतील, बाळाचे ठोके सतत पाहतील. चालायला, कुशीवर वळायला, सोबतीला बाई ठेवायला हरकत नसते, विचारून घ्या. पाठीतून कळा कमी करणारी भूलही घेता येते, जुन्या टाक्यामुळे ती नाकारायचं कारण नाही.

डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत, सरळ तारीख देतात.

कारण विचारा. 'आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो' हे कारण असेल तर ते प्रामाणिक आहे, त्यांचे आभार माना आणि दुसरीकडे जा. 'रिस्क कशाला घ्यायची' एवढंच उत्तर असेल तर कोणती रिस्क, किती, हे विचारा. कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे.

सीझर ठरलंच तर चांगला मुहूर्त पाहून करावं का?

३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा कोणताही दिवस निवडा. अमावस्या टाळायला म्हणून आठ-दहा दिवस आधी बाळ काढलं तर त्याला श्वासाच्या त्रासाने काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येऊ शकते. कळा आधीच सुरू झाल्या तर तारखेची वाट पाहत घरी बसू नका.

नसबंदी करायची आहे. सीझरमध्येच होऊन जाईल म्हणून सीझर करावं, असं घरचे म्हणतात.

हे फार ऐकायला मिळतं. नॉर्मल प्रसूतीनंतरही सात दिवसांच्या आत बेंबीजवळ छोटा छेद घेऊन नसबंदी करता येते. त्यासाठी मोठं ऑपरेशन ओढवून घ्यायची गरज नाही. नवऱ्याची नसबंदी तर त्याहून सोपी आहे, आणि ती घरात बोलून पाहायला हवीच.

प्रयत्न केला आणि शेवटी सीझरच झालं तर?

चारातल्या एकीचं तसं होतं. कळा देऊन झालेल्या सीझरमध्ये ताप, रक्तस्राव यांचा त्रास ठरवलेल्या सीझरपेक्षा जास्त होऊ शकतो, हे आधी माहीत असावं. सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून ठेवा: किती तास वाट पाहायची, काय दिसलं की थांबायचं. कळा चालू असताना 'आता सीझर करा' असं म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे.

नॉर्मल झाली. आता आत हात घालून टाका तपासतात का?

काही त्रास नसेल तर त्याची गरज नसते, आणि ते दुखतंही खूप. रक्तस्राव जास्त होत असेल, नाडी वाढत असेल किंवा पोट दुखत राहिलं असेल, तर तपासावं लागतं. पहिला दिवस लघवी लाल होतेय का, खांद्यात किंवा पोटात विचित्र दुखतंय का, चक्कर येतेय का, यावर लक्ष ठेवा आणि नर्सला लगेच सांगा. घरी जाताना या खेपेच्या कार्डवरही 'सीझरनंतर नॉर्मल' अशी नोंद करून घ्या.